देव उतरवलेला दगड

रस्ता रुंद करायचा म्हटलं की आधी नकाशा येतो. नकाशावर पाण्याचे नळ निळ्या रेघेत, गटारं तपकिरी, विजेच्या केबली लाल, आणि टेलिफोनवाल्यांचं जाळं कुणालाच न कळणाऱ्या रंगात असतं. हे सगळं कामाआधी बाजूला सरकवावं लागतं. त्याला 'युटिलिटी शिफ्टिंग' म्हणतात. त्या यादीच्या तळाशी 'इतर' म्हणून एक रकाना असतो. त्यात पुतळे, ध्वजाचे कट्टे, बंद पडलेली कारंजी, पिंपळाचे पार, नागोबाचे दगड, वारुळं आणि रस्त्याकडेच्या लहान देवळ्या येतात. बंगळूरच्या रस्त्यांवर मी जन्मभर हे 'इतर' सांभाळलं.

शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. नोकरी ठेकेदारांकडे. ठेकेदार बदलत गेले, माझं काम तेच राहिलं. नोकरीला लागलो तेव्हा 'इतर' बघणारा माणूस अचानक सोडून गेला होता आणि साहेबांनी समोर दिसेल त्याला, म्हणजे मला, ते काम दिलं. पुढे कुणी ते परत मागितलंच नाही. आमचे पूर्वज कुठल्याशा मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे घरात मराठी, पण अण्णा-अक्कांची, निम्मी कन्नडात भिजलेली. पुण्याचे पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून हसू दाबतात. आई त्यांना सांगायची, "आमचा मुलगा देव हलवतो." पाहुण्यांना वाटायचं मी देवळात पालखीला वगैरे असतो.

पुतळे त्या मानाने सोपे. पुतळ्याचा चबुतरा कापायचा, पोटाला पट्टे बांधायचे, चेहरा कापडाने झाकायचा, क्रेनने उचलायचं. नियम एकच, पुतळा आडवा करायचा नाही. आडवी वस्तू ट्रेलरवर जास्त स्थिर राहते हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आडवा पुतळा प्रेतासारखा दिसतो, आणि त्याला मानणारी माणसं रस्त्यावर उतरतात. एकदा असाच एका पुढाऱ्याचा उभा पुतळा आम्ही के. आर. पुरमकडे नेत होतो. बाजूने त्याच्या संघटनेची माणसं घोषणा देत चालली होती. वाटेत रेल्वेचा पूल आला आणि साहेबांचं डोकं पुलाला लागेल असं दिसलं. टायरांची हवा सोडली. तरी लागतंच होतं. मागे वाहनांचे भोंगे. शेवटी संघटनेचे अध्यक्ष माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सार, साहेबांना थोडा वेळ बसवता येईल का?"

ब्राँझचा माणूस बसवायचा कसा? मी म्हटलं, बसवता नाही येणार, टेकवता येईल. अध्यक्षांनी विचार केला, मग गर्दीला वळून जाहीर केलं की साहेब थोडी विश्रांती घेणार आहेत. एक जण मोटारसायकलवरून चिकपेटेत पिटाळला गेला. तो उशी आणि शाल घेऊन येईपर्यंत आम्ही सगळे पुलाच्या अलीकडे थांबलो. डोक्याखाली उशी, अंगावर शाल अशा थाटात साहेब पुलाखालून गेले. पलीकडे गेल्यावर त्यांना उठवलं, तेव्हा टाळ्या पडल्या. हा किस्सा मी लग्नकार्यात पुष्कळदा सांगितलाय.

देवाचं मात्र तसं नसतं. देव असलेल्या दगडाला मजूर हात लावत नाहीत. माझा क्रेनवाला बाशा, मुसलमान माणूस, पण तो सगळ्यांत कडक. "सार, आत कोणी आहे तोवर मी हूक टाकणार नाही," असं सरळ सांगायचा. म्हणून आधी कळाकर्षण करायचं. म्हणजे पुजारी येतो, मंत्र म्हणतो, आणि मूर्तीतली देवाची कळा, आपण शक्ती म्हणू, कळसातल्या, म्हणजे पूजेच्या कलशातल्या पाण्यात उतरवतो. कळसावर नारळ ठेवून तो बांधतात. आता देव पाण्यात आणि दगड मोकळा. नव्या जागी दगड बसला की तेच पाणी त्याच्यावर ओतायचं, देव परत घरी. देवळाची दुरुस्ती असली की इकडे सगळीकडे असंच करतात. त्यात नवीन काही नाही.

या विधीचा परिणाम मी इतक्या वेळा पाहिला तरी दर वेळी चमकायचो. ज्या दगडासमोर मजूर सकाळी चपला काढून उभे असायचे, त्याच दगडावर दुपारी बसून ते डबा खायचे. कुणाच्या मनात अनादर नसायचा. आत कोणी नाही म्हटल्यावर दगड तो दगड. मला ती व्यवस्था फार शहाणपणाची वाटायची. रस्ता होतो, देवही दुखावत नाही, आणि कुणाला कुणाशी भांडावं लागत नाही. ती शहाणी व्यवस्था कुठे फसते ते मला महादेवपुऱ्याच्या पलीकडच्या एका गावात कळलं.

गावाचं नाव लिहीत नाही. तसंही ते आता फक्त बसथांब्यावर उरलंय. भोवती काचेच्या इमारती, त्यांत जगभरचं काम करणारी मुलं, आणि मध्ये चिमटीत धरल्यासारखी गावाची एक गल्ली. गल्लीच्या तोंडाशी एक वीरगळ होता. आपल्याकडे महाराष्ट्रात गावोगाव असतात तसाच, खाली गाई, मध्ये धनुष्य ओढलेला माणूस, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. पण हे सगळं तेलाच्या थरांखाली बुडालेलं होतं. माणूस कुठला आणि गाय कुठली हे बोट फिरवूनच कळायचं. गाव त्याला वीरप्पा म्हणायचं. गावाच्या गुरांसाठी लढता लढता मेलेला त्यांचाच कुणी पूर्वज. गुरं गेली, कुरणं गेली, वीरप्पा राहिला होता. नेमका तिथून भुयारी मार्गाचा उतार निघणार होता.

पूजेचा मान गौरम्माच्या घराकडे होता. गौरम्मा विधवा. नवऱ्यामागे तिने सकाळी ऑफिसच्या मुलांसाठी इडलीची गाडी लावून मुलगी वाढवली. मुलगी लता रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. मी गौरम्माला अक्का म्हणायचो, ती मला अण्णा. आमचं सगळं बोलणं कन्नडमध्ये व्हायचं, इथे मी ते मराठीत मांडतोय.

पहिल्या भेटीत तिने एवढंच विचारलं, "अण्णा, त्याला कुठे बसवणार?"

प्रकल्पाच्या कार्यालयाने तळ्याकाठचा एक कोपरा दिला होता. मी तिला रिक्षाने तिथे घेऊन गेलो. कोपरा चांगला होता, एक करंजाचं झाड होतं. तिने जमिनीला हात लावला, पूर्व कुठली ते पाहिलं आणि म्हणाली, "सरी, चालेल. इथे त्याला पाणी दिसेल."

कळाकर्षण झालं. सगळी गल्ली आली होती. पुजाऱ्याने कळस गौरम्माच्या हातात दिला आणि नियम सांगितले. कळसातलं पाणी आटू द्यायचं नाही. रोज संध्याकाळी दिवा. देव घरात आहे तोवर घराला कुलूप लावायचं नाही, घरात कुणीतरी असलंच पाहिजे. आणि त्याला त्याची जागा मिळेपर्यंत घरात शुभकार्य करायचं नाही. तो बेघर असताना तुम्ही मांडव घालायचा, हे बरं दिसत नाही. गौरम्माने सगळ्याला मान हलवली. थोड्या दिवसांचा तर प्रश्न होता. लताच्या लग्नाची बोलणी तुमकूरकडच्या एका घराशी चालू होती, त्यांनाही तिने तसंच कळवलं.

दगड आमच्या यार्डात गेला. यार्ड म्हणजे पत्र्याचं कुंपण घातलेली मोकळी जागा, तिथे फुटपाथचे कडेचे दगड, पाइप, लोखंड पडलेलं असतं. वीरगळ त्या दगडांच्या ओळीत पालथा टाकला गेला. मी बाशाला सांगून तो उभा करून घेतला. बाशाने केला, पण माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघून म्हणाला, "सार, आता आत कोणी नाही ना?"

आणि मग तळ्याकाठचा कोपरा गेला. भुयारी मार्गात साचणारं पाणी उपसायला पंपघर लागतं, ते नकाशात कुणीतरी विसरलं होतं. ते त्या कोपऱ्यात आलं. करंज तोडला. मी दुसरी जागा सुचवली. समोरच्या सोसायटीच्या रहिवाशांनी हरकत घेतली की देऊळ आलं की गर्दी येते, लाउडस्पीकर येतो, मग अन्नदान, मग कचरा. तिसरी जागा एका नाल्यालगत होती, ती नाल्याच्या रुंदीकरणात जाणार निघाली. मी दर आठवड्याला कार्यालयात जाऊन बसायचो. तिथला इंजिनिअर बदलला की नव्याला पहिल्यापासून गोष्ट सांगायची. नवा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "पण देव सुरक्षित आहे ना? मग घाई कसली?"

घाई कसली ते गौरम्माच्या घरी गेल्यावर कळायचं. इडलीची गाडी बंद झाली होती. सकाळी लता कामावर गेली की घर सोडून जायचं कसं? कोनाड्यात कळस, त्याच्यावर रोज ताजं फूल. तळ्यापर्यंतसुद्धा ती गेली नव्हती. शेजारीण अधूनमधून बसायची, पण शेजारीण घर विकून गेली आणि तिच्या जागी मुलींचं पीजी उभं राहिलं. त्यांना कोण सांगणार, जरा देवाजवळ बसा म्हणून? गौरम्मा दारात बसून समोरची काचेची इमारत बघायची. माझी मोटारसायकल वाजली की उठायची, आणि माझा चेहरा बघून परत बसायची. "काफी घेणार, अण्णा?" एवढंच. तिने मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर मला सोपं गेलं असतं.

तुमकूरच्या घराने एक उगादी, म्हणजे पाडवा, वाट पाहिली. दुसऱ्या उगादीला मुलाचं लग्न दुसरीकडे झालं.

त्या आठवड्यात लता मला रस्त्यात भेटली. लॅबचा पांढरा कोट हातावर होता. "अंकल, एक विचारू? मी काय दगडामागे रांगेत उभी आहे?" तिने आणखी आवाज चढवला, "अम्माला मागेच सांगितलं होतं की रजिस्टर लग्न करू, तर म्हणते, तो आपल्या घरी निर्वासित आहे, आणि तू हार घालणार? आणि मी काय आहे त्या घरात?" मग रडायला लागली. येणारेजाणारे बघत होते. मी तिला समोरच्या दुकानातून पाण्याची बाटली घेऊन दिली. तेवढंच मला करता आलं.

मी निवृत्त झालो. 'इतर' बघायला नवा मुलगा आला आणि त्याला यार्डातला दगड मी हाताने दाखवला. पण यार्डही हललं. ते ज्या जागेवर होतं तिथे मेट्रोच्या फाटकासमोरचा चौक व्हायचा होता. त्या गडबडीत यार्डातले दगड खडी करायला पाठवायचे ठरले, हे मला बाशाच्या फोनवरून कळलं. मी धावत गेलो. वीरगळ तिथे नव्हता. ट्रक भरून गेले होते. मी तिथेच एका पाइपावर बसलो. गौरम्माला काय सांगायचं, हे मला काही केल्या सुचेना.

दगड वाचला होता. तो सायलीने वाचवला होता.

सायली पुण्याची, जुन्या वास्तूंचं जतन शिकलेली आर्किटेक्ट. तो नवा चौक तिच्या फर्मकडे होता. ट्रक भरताना तिला कडेला काहीतरी कोरलेलं दिसलं आणि ती सरळ ट्रकसमोर उभी राहिली. मजुरांना हिंदीत ओरडून तिने दगड उतरवायला लावला. काही दिवसांनी यार्डातल्या मजुरांकडून हे कळलं आणि मी तिला शोधत गेलो, मराठी ऐकून तिला आनंद झाला. "काका, यू वोंट बिलीव्ह, काय पीस आहे! ऑइलचे लेयर काढल्यावर एक एक गाय दिसायला लागली. त्या माणसाच्या कमरेचा खंजीर बघा!" तिने फोनवर फोटो दाखवले. खरं सांगतो, मी फोटोतल्या त्या दगडाकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं मी ज्याला हलवलं, उभं केलं, त्याचा चेहरा मी प्रथमच पाहत होतो. तरुण होता. विशीतला असेल.

चौकात त्याला मधोमध जागा होती. खालून दिवे, पुढे काच, तीन भाषांत माहितीची पाटी. मी तिला सगळी गोष्ट सांगितली, कळस, गौरम्मा, लता. तिने वही बाजूला ठेवून ऐकलं. तिचे डोळे भरून आले होते, हे मला तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. मग म्हणाली, "काका, परमिशनच तशी मिळाली आहे. ही पूजेत असलेली मूर्ती असती तर आम्ही हातच लावला नसता. लोकांचं श्रद्धास्थान पब्लिक प्लाझात आणता येत नाही. तेल नाही, कुंकू नाही, पूजा नाही, या अटीवर हा दगड इथे आहे. नाहीतर तो परत यार्डात, आणि यार्ड म्हणजे तुम्हाला माहितीये." तिने हळू आवाजात विचारलं, "आणि देव तर तुम्हीच काढून घेतला होता ना?"

त्यात टोमणा नव्हता. ती फक्त वस्तुस्थिती विचारत होती. ज्या विधीच्या जोरावर आम्ही दगड हलवू शकलो, त्याच विधीच्या जोरावर तो आता त्यांच्याकडे राहणार होता. कळाकर्षण केलं नसतं तर वीरप्पा श्रद्धास्थान म्हणून वाचला असता की खडी झाला असता, मला सांगता येत नाही. दोन्ही शक्य होतं.

चौक उघडल्यावर एका सकाळी मी गौरम्माला घेऊन गेलो. लता रजा टाकून कळसाजवळ बसली होती. कितीतरी दिवसांनी गौरम्मा रिक्षात बसली होती, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून. चौकात शिरताना तिने चपला काढल्या आणि भर फुटपाथवर, ऑफिसला पळणाऱ्या मुलांच्या पायांत ठेवल्या. अनवाणी काचेपर्यंत गेली. काचेला हात लावला तशी सिक्युरिटीवाल्याने शिटी वाजवली. तिने हात काढला.

बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चांगला दिसतोय." थोड्या वेळाने, "किती लहान होता हो. कुणीच सांगितलं नव्हतं." आणि पदराने डोळे पुसले.

सायली आली होती. तिने मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये नमस्कार केला आणि मला भाषांतर करायला सांगून म्हणाली की वर्षातून एकदा, वारसा सप्ताहात, काच उघडून विधी करता येईल का हे ती वरिष्ठांकडे विचारेल. लोकांनाही बघायला आवडेल. मी भाषांतर केलं. गौरम्माने तिच्या गालाला हात लावला. चांगली मुलगी आहे, म्हणाली. मग मला म्हणाली, "तिला विचारा, वर्षातून एकदा जेवून माणूस जगतो का?" हे भाषांतर मी केलं नाही.

परतताना रिक्षात मीच विषय काढला. दुसरा दगड आणू, नवा वीरगळ घडवून घेऊ, पाणी त्याच्यावर ओतू. असं करतात, मी करून दिलंय. तिने माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, तुमचे वडील गेले तेव्हा त्यांच्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला आणून बसवलं होतं?" रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता.

काही महिन्यांनी लताचा फोन आला. लॅबमधल्या एका मुलाशी तिचं ठरत होतं, तो वाट बघायला तयार होता. "पण अम्मा म्हणते, आता नको वाट बघायला. तुम्हाला बोलावलंय." मी गेलो. गौरम्मा नवं लुगडं नेसून कळस कडेवर घेऊन दारात उभी होती. पुजाऱ्याला तिने विचारलं होतं. असं सोडता येत नाही, मी येणार नाही, असं त्याने सांगितलं होतं. "पुजाऱ्याच्या परवानगीने मी त्याला सोडत नाहीये," ती म्हणाली. तिने कडीत कुलूप अडकवलं, पण किल्ली फिरवली नाही. लताने किल्ली घेतली आणि कुलूप लावलं.

तळ्याभोवती आता जाळी आणि चालायला लाल फरशी आहे. सकाळची चालणारी माणसं कानात काहीतरी घालून भराभर जात होती. करंजाच्या जागी पंपघराचा आवाज येत होता. राखणदाराने अडवलं. विसर्जन मना है, अशी पाटी होती. गौरम्माने कळस पुढे केला. "पाणीच आहे, अप्पा. निम्मं टँकरचं." त्याने आत वाकून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

ती काठावर बसली. नारळ काढला, बाजूला ठेवला. आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, निघालेल्या माणसाला कुणी 'जा' म्हणत नाही. ते 'होगि बा' म्हणतात, जाऊन ये. घरातून बाजारात जाणाऱ्याला म्हणतात, सासरी जाणाऱ्या मुलीला म्हणतात, गौरी-गणपतीला म्हणतात. गौरम्माने कळस तिरका केला. बारीक धार पडत राहिली. धार संपत आली तेव्हा तिने त्याला सांगितलं, "होगु." नुसतं 'जा'.

लता मागे उभी होती. तिने तोंडावर हात दाबून धरला. इतके दिवस त्या कळसाचा राग राग करणारी पोर, ओठांतून आवाज फुटू नये म्हणून धडपडत होती. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. पण गौरम्माला उठायला हात द्यायला कुणीतरी हवं होतं.

त्यानंतर तिने दहा दिवस सुतक पाळलं. घरातला माणूस गेल्यासारखं. अकराव्या दिवशी गल्लीत जेमतेम उरलेल्या दोन-चार घरांना जेवायला बोलावलं. मलाही. मी गेलो नाही, प्रकृतीचं कारण सांगितलं.

पुढच्या महिन्यात ती आमच्या घरी आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. दोन बस बदलून, विचारत विचारत. बायकोने पाणी दिलं, ते प्यायली, भिंतीवरचे आमच्या आईवडिलांचे फोटो पाहिले. मग पिशवीतून पत्रिका काढली. लताच्या लग्नाची. चारी कोपऱ्यांना हळद लावलेली.

मी घ्यायला हात पुढे केला. तिने मान हलवली. "ही पहिली आहे, अण्णा. पहिली त्याची असते. आमच्याकडे लग्न निघालं की पहिली पत्रिका त्याच्या पायाशी ठेवायची, मग बाकीच्यांना द्यायची. माझ्या लग्नाची ठेवली, माझ्या सासूच्या लग्नाची ठेवली होती. आता कुठे ठेवू?" 

मी म्हटलं, अक्का, चौकात जाऊ, मी बोलतो त्या मुलीशी, काचेजवळ ठेवू. ती म्हणाली, "तिथे तो नाही. तळ्यातही नाही, मी त्याला परत ये म्हटलं नाही." मग माझ्याकडे नीट बघून, अगदी साधेपणाने, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाली, "त्याला त्याच्या जागेवरून उठवणारा माणूस तुम्हीच. इन्यारिगे कोडली?" आणखी कुणाला देऊ?

आणि माझ्याहून वयाने मोठी ती बाई गुडघ्यांवर बसली, पदर डोक्यावर घेतला, आणि पत्रिका माझ्या पायांशी ठेवायला वाकली. मी घाईघाईने पाय मागे घेतले.

"हलू नका, अण्णा," ती म्हणाली.